गांडुळांची इफ्तारी

बेल वाजली, सलाउद्दीनने दाराच्या भिंगातून बाहेर पाहिलं. दारात लताबाई उभ्या होत्या. लताबाई बरोबर त्याच्या फ्लॅटखाली राहायच्या आणि आजवर वर आल्या त्या तक्रार घेऊनच. खुर्ची सरकवल्याचा आवाज येतो, कुंडीचं पाणी गळतं, पहाटे कुकरच्या शिट्ट्या होतात. आज त्यांच्या हातात लोणच्याची बरणी होती. बरणीत पाणी होतं, पाण्यात एक गुटगुटीत, वीतभर गांडूळ वळवळत होतं आणि तळाशी लोणच्याच्या फोडीसारखं काहीतरी राहिलेलं दिसत होतं.

सलाउद्दीनने गांडूळ लगेच ओळखलं. जत्रेत हरवलेलं पोर ओळखावं तसं.

“माझ्या बादलीत निघालं,” लताबाई म्हणाल्या. “ड्राय बाल्कनीतल्या नळाखाली बादली होती. बघते तर हे पाहुणे. तुमच्याकडं कसं आहे पाणी?”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सलाउद्दीन मूळचा गोदाकाठच्या सायखेड्याचा. घरात तो सायखेड्याचं बोलायचा, गिऱ्हाइकांशी नाशकाचं. पण भीती वाटली की त्याचं मराठी शुद्ध व्हायचं. जितकी भीती मोठी तितकं मराठी अवघड. पोलीस चौकीसमोरून जाताना तर तो मनातल्या मनात संस्कृतापर्यंत पोचायचा.

“आमच्याकडील जल अत्यंत निर्मळ आहे, ताई,” तो म्हणाला.

“काय?”

तेवढ्यात त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खाली गांडूळ आणि वर निर्मळ जल? अख्ख्या इमारतीत एकट्याचंच पाणी स्वच्छ म्हटल्यावर लोक कोणाकडे बघणार?

“म्हणजे कालपर्यंत होतं,” त्याने घाईघाईने दुरुस्त केलं. “आज प्रातःकाळी आमच्या नळातूनही असाच एक जीव बाहेर आला.”

लताबाईंनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. बरणी त्याच्यापुढे जरा हलवली. “बरं,” एवढंच म्हणाल्या. “मग अण्णांच्या कानावर घालायला हवं.” आणि बरणी सांभाळत जिना उतरून गेल्या.

एवढं घाबरायचं कारण काय, असं एखाद्याला वाटेल. ज्याला वाटेल त्याने सलाउद्दीन हे नाव घेऊन नाशकात भाड्याने फ्लॅट शोधून दाखवावा. फोनवर फ्लॅट रिकामा असायचा. नाव सांगितलं की तो जागच्या जागी भरायचा. एका मालकाने हातात दिलेली किल्ली परत मागून घेतली. वर म्हणाला, “माझं काही नाही हो, पण सोसायटीवाले...” या ‘माझं काही नाही हो’वर अख्खा देश चाललाय. ज्याचं काही नाही तोच किल्ली परत घेतो.

शेवटी पाथर्डी फाट्याजवळच्या गोदाछाया अपार्टमेंटमध्ये जागा मिळाली, तीही मालकाच्या मेलेल्या एसीत सलाउद्दीनने जीव आणला म्हणून. तो एसी आणि फ्रिज दुरुस्त करायचा. करार अकरा महिन्यांचा होता. पुढचा करार हवा तर सोसायटीचं ना-हरकत पत्र हवं, आणि ते द्यायचं की नाही हे येत्या रविवारच्या बैठकीत ठरणार होतं. त्यामुळे हे कुटुंब त्या घरात राहत नव्हतं, परीक्षा देत होतं. चपला भिंतीला धरून एका ओळीत. मिक्सर भर दुपारी. मटण शिजायचं त्या दिवशी त्याची बायको अफरीन आधी खिडक्या लावायची आणि मग उदबत्ती. इमारतीतल्या प्रत्येक फ्रिजच्या पोटात सलाउद्दीनचा फुकटचा हात फिरलेला होता. एवढं करून पोरीला फुगासुद्धा फोडू देत नव्हते.

आणि अशा घरात ॲक्सोलॉटल आले.

ज्याने हा प्राणी पाहिलेला नाही त्याचं काही बिघडलेलं नाही. अंगाने पाल, राहणीने मासा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुलाबी तुरे आणि तोंडावर कायमचं हसू. गंगापूर रोडच्या एका बंगल्यातलं कुटुंब परदेशी निघालं आणि एसी काढायला आलेल्या सलाउद्दीनच्या गळ्यात काचेच्या पेटीसकट ही जोडी पडली. पाणी गार लागतं, नाशकाच्या उन्हाळ्यात ते गार ठेवणार कोण, तर फ्रिजवालाच. मुलगी अदिबा सातवीत होती. मोबाइलच्या खेळात हा प्राणी बघून बघून ती वेडी झालेलीच होती. तिने एकीचं नाव गुलाबो ठेवलं, दुसऱ्याचं नवाब. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर जोडून बापाने पाणी थंडगार केलं. घरातली माणसं पंख्याखाली घामाघूम आणि नवाब थंड हवेच्या ठिकाणी.

“ह्याचा पाय तुटला ना अब्बू, तर परत उगवतो,” अदिबाने सांगितलं होतं.

सलाउद्दीनच्या मनात आलं, पायाचं ठीक आहे, घराचं तसं काही आहे का?

त्याची आई रोशनबी पेटीसमोर बसून त्या हसऱ्या तोंडाकडे संशयाने बघायची. “सारखं हसतंय कशाला हे? ह्याला घर शोधायचं नाय म्हणून.”

जोडीला गांडुळं लागायची. दुकानातल्या गोळ्या नवाब तोंडात घेऊन थुंकायचा. सायखेड्याच्या मामांकडे गांडूळखताचे वाफे होते. तिथली लाल गांडुळंही दोघांनी कडू औषध थुंकावं तशी थुंकली. मग मामांनी मळ्याच्या कडेची, ओल्या मातीतली जाडजूड गांडुळं पाठवली, ती पसंत पडली. तेव्हापासून ड्राय बाल्कनीत, सांडपाण्याच्या जाळीशेजारी, थर्माकोलच्या खोक्यात माती, ओली वर्तमानपत्रं आणि गांडुळं असा संसार वाढत होता. बाहेर कोणाला पत्ता नव्हता. सोसायटीच्या नियमात पाळीव प्राण्यांबद्दल एक कलम होतं. त्यात गांडूळ बसतं का, हे विचारायला जाण्याइतका सलाउद्दीन मूर्ख नव्हता.

लताबाई गेल्या तसा तो ड्राय बाल्कनीकडे धावला. खोक्याचं झाकण तिरकं होतं. आत एक दहीवडा होता. बाजूला पिळलेल्या लिंबाच्या फोडी, कांद्याची कोशिंबीर आणि मसाला लावलेले उकडलेले चणे. गांडुळं मात्र नव्हती. एक सांडपाण्याच्या जाळीत अर्धं आत अर्धं बाहेर होतं, ते त्याच्या डोळ्यांदेखत पूर्ण आत गेलं.

“अम्मा!”

रोशनबी तसबीहची माळ हातात घेऊनच आली. “काय झालं वरडायला? रोजा हाय माझा.”

“ह्याच्यात दहीवडा कोणी टाकला?”

“टाकला नाय, दिला,” रोशनबी म्हणाली. “इफ्तारी हाय ती. रमजानमधी दारातलं कुत्रं आपण उपाशी ठेवत नाय, ही तर घरातली. तू त्यांना नुसता वला कागद खाऊ घालतो. मला बघवत नाय. चार दिस झाले, सांजेला मगरिबची अजान झाली की आधी त्यांना देते, मग मी खजूर तोंडात घालते.”

सलाउद्दीनने दहीवडा दोन बोटांनी बाहेर काढला. मीठ, मिरची, लिंबू, दही. गांडुळाची कातडी म्हणजे उघडी जखम. म्हातारीने मायेने वाढलेल्या प्रत्येक घासाला ती बिचारी भाजून निघाली होती आणि जीव घेऊन मिळेल त्या भोकातून पळाली होती. कोणी जाळीतून पाइपात गेलं, कोणी कठड्यावरून थेट खाली. हे सगळं ऐकल्यावर रोशनबीचा हात तोंडावर गेला.

“तौबा. म्हंजी मी त्यांला घराभाईर काढलं?”

“अजून नाय,” सलाउद्दीन म्हणाला. “आता ती आपल्याला काढणार हायेत.”

दुपारपर्यंत पहिल्या मजल्यावर नहाणीत एक निघालं. संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर वॉशिंग मशीनखाली दोन. वास्तविक सगळी एकाच पाइपाच्या रांगेतल्या बाल्कन्यांत आणि नहाण्यांत निघत होती, आणि जमिनीवर निघत होती. पण ‘नळातून आलं’ असं एकदा म्हटल्यावर लोक जमिनीकडे बघत नाहीत. एका घरात निघालं असतं तर त्या घराची स्वच्छता काढली असती. दोन घरांत नळातून आलं म्हटल्यावर इमारतीची खात्रीच पटली. आणि ते दुसरं घर सलाउद्दीनचं होतं. त्याच्या एका थापेचा पुरावा होऊन बसला.

इमारतीच्या तोंडचं पाणी पळालं. लोक विकतच्या जारवर आंघोळ करायला लागले. एका बाईने गांडूळ निघण्याआधी प्यायलेलं पाणी आठवून आठवून उलट्या केल्या. ज्यांच्या नळाला पाणी काचेसारखं येत होतं तेही ते गाळायला लागले आणि गाळणीत काही सापडलं नाही म्हणून जास्तच घाबरले. म्हणजे बारीक असणार, दिसत नसणार.

दर नव्या गांडुळाची बातमी आली की सलाउद्दीन आतून कडी लावून बसायचा. पण घरी दोन तोंडं उपाशी होती. खोक्यात काही उरलं नव्हतं. मामांकडून नवी आणायची, तर पिशवीतून गांडुळं घेऊन इमारतीत शिरताना कोणी बघितलं म्हणजे? तेव्हा त्याने भीतीपोटीच डोकं चालवलं. पाना-पकड घेतली आणि जिथे गांडूळ निघेल तिथे हजर व्हायला लागला. “आपली आज्ञा असेल तर निरीक्षण करतो,” म्हणायचा, बाल्कनीत वाकायचा, नुसत्या बोटांनी गांडूळ उचलायचा आणि पान्यांच्या पिशवीतल्या डब्यात टाकायचा. लोक तोंडाला रुमाल लावून लांब उभे.

“किळस नाही माणसाला,” लोक म्हणायचे. “आपल्यातला एकजण तरी येतो का असा?”

‘आपल्यातला’ हा शब्द त्याला टोचायचा, पण टोचून घ्यायलाही वेळ नव्हता. घरी नवाब आणि गुलाबो दोन वेळ जेवून गोल झाले होते. सलाउद्दीनचं मात्र पहाटे सहरीला पाणीसुद्धा घशाखाली उतरेना. चोराची स्तुती व्हायला लागली की त्याच्याइतकं भेदरलेलं माणूस दुसरं नसतं.

आता पुंजारामअण्णा. सोसायटीचे अध्यक्ष. उभा जन्म पिंपळगाव बसवंतला कांद्याच्या लिलावात गेलेला, त्यामुळे ते शेजारच्या माणसाशीही चौथ्या ट्रॅक्टरपर्यंत ऐकू जाईल असं बोलायचे. अण्णांना नगरसेवक व्हायचं होतं. कारण मात्र सापडत नव्हतं. रस्त्यावर खड्डे होते, पण खड्ड्यांवर आधीच दोघे उभे होते. दिवे एकाने घेतले होते, भटकी कुत्री दुसऱ्याने. एवढ्यात लताबाई बरणी घेऊन आल्या आणि अण्णांना त्या पाण्यात गांडूळ नाही, वॉर्ड दिसला.

पार्किंगमध्ये त्यांनी सभा घेतली. नळाला आलेल्या गांडुळांवर बोलले, करदात्यांवर बोलले, आणि सलाउद्दीनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की हा आपला बंधू रोजा धरून घराघरांत राबतोय, आणि साहेबलोक झोपलेत. टाळ्या पडल्या. बंधूच्या पाठीतून घाम वाहत होता. अण्णांनी जाहीर केलं की शनिवारी पाणीपुरवठ्याचे साहेब स्वतः बघायला येणार, पत्रकार येणार आणि साहेबांच्या टेबलावर गांडूळ ठेवल्याशिवाय आपण जेवणार नाही.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण शुक्रवारी दुपारी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्या मजल्यावरच्या एका सद्गृहस्थांचा मेसेज आला. ‘हे आपोआप आलेलं वाटत नाही. कोणीतरी टाकीत मुद्दाम टाकलं असेल. आजकाल इमारतीत कोण कोण येऊन राहतं, चौकशी व्हायला हवी.’

नाव नव्हतं. नाव न लिहिता नाव लिहायची कला या देशात शाळेत न जाता येते. मेसेजखाली अंगठे उगवायला लागले. ज्यांच्या नहाणीत त्याने हात घातला होता त्यांचेही. सलाउद्दीन एकेक अंगठा मोजत होता. मग लताबाईंचा मेसेज पडला. ‘टाकीचं झाकण वादळात उडालं, तेव्हापासून पत्रा आहे. पत्रा कोणी बसवला ते सगळ्यांना माहीत आहे.’

पत्रा सलाउद्दीननेच बसवला होता, फुकट, भर पावसात. त्याने फोन उलटा ठेवला. बाईने बोट दाखवलं. संपलं.

“आता काय?” अफरीनने विचारलं.

“आता खरं सांगतो,” तो म्हणाला. “गांडुळं पाळली म्हणून घर जाईल. पाण्यात टाकली म्हणाले तर मी जाईन.”

अफरीन उठून कपाटाकडे गेली. तिने त्याचा धुतलेला सदरा काढून दिला. पोलीस आले तर चांगल्या कपड्यांत असावा, असं तिच्या मनात असावं.

अण्णा घरी आरशासमोर उभे होते, गळ्यात उपरणं टाकून आणि काढून बघत होते. सलाउद्दीनला बघून खूश झाले.

“अण्णा, एक नम्र निवेदन करावयाचे आहे.”

“बसा. साधं बोला.”

त्याला साधं जमेना, पण त्याने सगळं सांगितलं. ॲक्सोलॉटल, थर्माकोलचं खोकं, अम्माचा दहीवडा, जाळी, पाइप. पहिल्या दिवशीची थाप. सांगताना त्याने मान वर केली नाही. वर पंखा करकरत होता. बेअरिंग गेलं होतं, हेही त्याच्या कानाने सवयीने टिपलं.

“कोणाकोणाला माहीत आहे?” अण्णांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते हळू बोलत होते.

“केवळ कुटुंबीयांस.”

“मग ऐका. तुम्ही काही पाळत नाही.”

“पाळतो, अण्णा.”

“नाही पाळत. गांडुळं नळातून आली. आठ घरांनी बघितली. परवा पेपरला येणार. आता एकट्या माणसाने उठून माझी होती म्हणायचं, याला काही अर्थ आहे का? लोकांच्या भावनांचा विचार करा.”

सलाउद्दीनने सदऱ्याची बाही सारखी केली. आजवर लोक त्याच्याकडे न केलेल्या गोष्टींचा खुलासा मागत आले होते. दूरच्या देशात काही झालं तरी पानटपरीवर खुलासा त्याच्याकडेच. जन्मात एकदा त्याच्या हातून खरोखर काहीतरी घडलं, तो आपल्या पायाने कबूल करायला आला, तर घ्यायला कोणी तयार नव्हतं.

“मग मी जाऊ?” त्याने विचारलं.

“थांबा.” अण्णांनी दार लोटलं. “माझी अडचण वेगळीच आहे. उद्या साहेब येणार आणि तुम्ही घराघरांतून वेचून वेचून एक गांडूळ शिल्लक ठेवलं नाही. लताबाई बरणी देत नाहीत, पुरावा आहे म्हणतात. मी साहेबांना काय दाखवू, मोकळी बादली? तुमच्याकडे आहेत ना काही? सकाळी टाकीवर जा, तुमचाच पत्रा आहे, उघडा आणि मूठभर सोडा. नळातून आलं पाहिजे, सगळ्यांसमोर. ना-हरकत पत्रावर मी आत्ता सही करून ठेवतो. उद्या काम झालं की घेऊन जा.”

सलाउद्दीन जिना चढायला लागला. व्हॉट्सॲपवर जे खोटं लिहिलं होतं ते खरं करायचं काम त्याच्याचकडे आलं होतं. टाकीत गांडुळं सोडली तर घर राहील, पण मग तो मेसेज खोटा राहणार नाही. आणि पत्रा उघडताना एकाने जरी फोनमध्ये टिपलं, तर अण्णा पहिले म्हणतील की हा माणूस आम्हाला आधीपासूनच बरा वाटत नव्हता. नाही सोडली, तर रविवारी बैठक आहेच. पुन्हा फोन, पुन्हा नाव, पुन्हा जागच्या जागी भरणारे फ्लॅट.

“गांडुळं किती उरली?” घरात शिरताच त्याने विचारलं.

“शेवटची आत्ताच घातली,” अदिबा म्हणाली. “बघा ना अब्बू, नवाबच्या तोंडातून शेपूट दिसतंय अजून.”

नवाबने शेपूट ओढून घेतलं आणि हसला.

अजानची वेळ होत आली होती. जेवणाचा दस्तरखान पसरला होता. खजूर, कापलेलं कलिंगड, आणि दहीवडा, ज्याच्याकडे रोशनबी आता गुन्हेगाराकडे बघावं तशी बघत होती. तिने सवयीने शेजाऱ्यांकडे इफ्तारीचं ताटही कालच पाठवलं होतं, क्रोशाचा रुमाल झाकून, लताबाईंकडे. सलाउद्दीन त्यावरूनही चिडला होता. ज्या बाईच्या हातात आपला पुरावा, तिलाच भजी पाठवायची? रोशनबी म्हणाली होती, पुरावा आसंल त्यांच्याकडं, पर भूक बी आसंल की.

बेल वाजली.

भिंगातून बघायचं धाडस त्याला झालं नाही. दार उघडलं. लताबाई होत्या, एकट्या. हातात रोशनबीचं ताट, वर तोच रुमाल.

“ताट द्यायला आले,” त्या म्हणाल्या. “रिकामं परत देऊ नये म्हणतात.”

त्याने ताट घेतलं. ते जड होतं आणि रुमालाखाली काहीतरी हललं. त्याने एक कोपरा उचलला. ओली माती होती. मातीत गांडुळं होती, ओंजळभर, जाडजूड, सायखेड्याची.

“माझ्या मोगऱ्याच्या कुंडीत उतरली होती सगळी,” लताबाई म्हणाल्या. “बरणीतलंही त्यात सोडलंय, मरायला टेकलं होतं. तुमचीच आहेत ना?”

सलाउद्दीनच्या तोंडून शुद्ध, अशुद्ध कुठलंच मराठी फुटेना.

“मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बादलीत गांडूळ होतं आणि त्याच्यासोबत चणे होते, मसाल्याचे. वरून पडलेले. मी बरणीत मुद्दाम ठेवला होता एक, तुम्हाला दिसावा म्हणून. नळातून चणे येतात का हो कधी? मला वाटलं, हा माणूस हसेल, चुकलं म्हणेल, संपेल. तर तुम्ही म्हणालात, आमच्याकडं पण जीव आढळला.” त्यांनी रुमालाचा कोपरा सारखा केला. “एवढी वाईट आहे का मी?”

खालून टीव्हीचा आवाज येत होता. आत रोशनबी खजूर हातात धरून कान देऊन बसली होती.

“आणि तो मेसेज?” त्याने कसंबसं विचारलं. “पत्र्याचा?”

“मग काय लिहायचं? पत्रा कोणी बसवला ते सगळ्यांना माहीत आहे. भर पावसात वर चढला होतात, तेव्हा हे अंगठेवाले खिडकीतून बघत होते. तेच लिहिलं.”

तेव्हा मात्र त्याचा बांध फुटला. ताट हातात धरून, दारातच, त्याने अण्णांचं सगळं सांगून टाकलं. सांगताना त्याला कळलंही नाही की तो सायखेड्याचं बोलतोय. “आन् सकाळी टाकीत सोड म्हंत्यात, ताई. म्या काय करू? नाय सोडलं तर घर जातंय, सोडलं तर म्या जातोय. लय भेव वाटतंय. येवढ्या दिसांत पोलिसाचं नाय वाटलं तेवढं तुमचं वाटलं.”

लताबाई ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं.

“आत्ता कुठं तुमचं बोलणं मला समजलं,” त्या म्हणाल्या. “टाकीवर जायचं नाही. अण्णांना मी भेटते. म्हणावं, लताबाईंकडं चणा आहे, आणि अध्यक्षांनी टाकी किती वर्षांत धुऊन घेतलेली नाही तेही लताबाईंच्या ध्यानात आहे. साहेबांना दोन्ही दाखवू का? बघा, साहेब यायच्या आत पाणी शुद्ध होतं की नाही. आणि ते पत्र आजच घेऊन येते, त्यांच्या खिशात राहायला नको.”

“उपकार झाले, ताई.”

“उपकार कसले. माझा एसी गरम हवा फेकतोय, उन्हाळा डोक्यावर आलाय. तुम्हाला घालवून मी कोणाला बोलावू? दुसरा येतो तो चपला घालून आत येतो.” त्या दोन पायऱ्या उतरल्या आणि वळल्या. “उद्या सकाळी या. आणि भेव राहू द्या थोडं. अगदीच गेलं तर पुन्हा खुर्च्या सरकवायला लागाल.”

अजान झाली. सलाउद्दीनने खजूर तोंडात टाकला आणि कितीतरी दिवसांनी पाणी घशाखाली उतरलं. मग उठून त्याने गांडुळं मातीसकट खोक्यात सोडली. सांडपाण्याच्या जाळीवर फरशी ठेवली. झाकणाला भोकं पाडून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली, वर वीट ठेवली, विटेवर एक बंद पडलेला कॉम्प्रेसर ठेवला. हातातली पट्टी संपली तेव्हा कुठे तो मागे वळला.

मागे रोशनबी उभी होती. हातात बशी, बशीत एक दहीवडा.

“सल्लू,” ती खालच्या आवाजात म्हणाली, “नळाखाली धुऊन दिला तर?”